मुंबई ते लंडन: अंतर नक्की किती आणि विमानाचा खरा वेळ किती धरायचा?

रानजाई (९ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा संक्रांत झाली की माझ्या धाकट्या भावाकडे चाललेत, तो लंडनच्या पश्चिमेला रेडिंगला असतो. दोघंही पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार आणि सोबत कोणी नाही, त्यामुळे सध्या घरात दुसरा विषयच नाही. पुण्याहून टॅक्सीने मुंबई आणि तिथून थेट हीथ्रो, भारतीय कंपनीचं विमान आहे, तिकिटं झालीत. परतीचं एप्रिलच्या मध्याचं आहे.

गोंधळ असा की अंतर आणि वेळेचे आकडे कुठेच जुळत नाहीयेत. नेटवर सगळीकडे मुंबई-लंडन ७२०० किमी दाखवतात. भाऊ ट्रॅकरवर (विमान आत्ता कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप) हेच विमान बघत असतो तर तिथे उडालेलं अंतर साडेसात हजाराच्या वर जातं. आणि आमचे बाबा पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेत, आयुष्यभर टेप धरून रस्ते मोजलेत, त्यांनी शाळेतला जुना अ‍ॅटलास काढून जगाच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी लावून पेन्सिलीने रेघ मारलीय. ती इराणच्या किनाऱ्यावरून वर चढत तुर्कस्तानातून युरोपात जाते. ते म्हणतात रस्त्याला डोंगर, नदी, कोणाचं शेत आडवं येतं म्हणून वळण घ्यावं लागतं, आकाशात काय आडवं येतंय, सरळ जायचं सोडून जास्तीचे किलोमीटर कशाला? मला काही उत्तर देता आलं नाही.

वेळेचं तर अजूनच अवघड. जाताना दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६:०० ला लंडन, त्याच दिवशी. आई म्हणते साडेचार तासात? येताना रात्री ८:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:०० ला मुंबई, म्हणजे साडेतेरा तास. पण तिकिटावर बारीक अक्षरात जाताना १० तास आणि येताना ९ तास लिहिलंय. घड्याळाचा फरक असतो एवढं मला कळतं, पण तो काढला तरी एक तास कमी-जास्त का? रस्ता तर तोच ना?

हे सगळं इतकं खोदून विचारतेय कारण बाबांना डायबेटिस आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतात, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. त्यामुळे खरे तास किती हे मला नीट कळायला हवं.

आणि भावाचा मित्र म्हणतोय दुबईमार्गे स्वस्त पडलं असतं. ते खूप लांबून पडतं का?

---

हॅरोकर

रानजाई, आधी घड्याळाचं सांगतो म्हणजे आईंची काळजी मिटेल, बाकीचं इथले जाणकार सांगतीलच.

जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. म्हणजे विमान तिथल्या ६:०० ला टेकेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११:३० झालेले असतील. दुपारी १:३० ते रात्री ११:३०, झाले १० तास. आता परतीचं बघा, इथे लंडनला दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, २०२६ मधे तो रविवार २९ मार्चला येतो. तुमची परत यायची तारीख त्यानंतरची आहे, त्यामुळे तेव्हा फरक साडेपाच नसून साडेचार तासांचा असेल. लंडनचे रात्रीचे ८:३० म्हणजे भारतातले पहाटेचे १:००, तिथून सकाळी १०:०० पर्यंत ९ तास. दोन्ही आकडे बरोबर आहेत, तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावाच्या असतात एवढं लक्षात ठेवलं की झालं. बाबांना एका कागदावर दोन रकाने करून द्या, एकात भारताची वेळ एकात लंडनची, माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही असंच केलं होतं आणि त्या कागदाची घडी पर्समधून काढून सारख्या बघत होत्या.

दुबईमार्गे: अंतराने फार लांब पडत नाही. मुंबई-दुबई १९०० च्या थोडं वर आणि दुबई-लंडन साधारण ५५००, म्हणजे थेटपेक्षा दोन-सव्वादोनशे किमी जास्त, बस. वेळ जातो तो मधे थांबण्यात आणि दोन वेळा उतरणं-चढणं करण्यात. पहिल्यांदाच जाणाऱ्या ज्येष्ठ माणसांना, त्यात इन्सुलिन असताना, मी थेट विमानच घ्यायला सांगेन. तुम्ही योग्य तेच केलंय. चार पैसे वाचले असते पण तेवढ्या मोठ्या विमानतळावर रात्री-अपरात्री गेट शोधत फिरणं त्यांना झेपवायला लागलं असतं.

आणि व्हीलचेअर असिस्टन्स मागून ठेवा, चालता येत असलं तरी. हीथ्रोला विमानातून उतरून इमिग्रेशनपर्यंत खूप चालणं आहे. विमान कंपनीला निघायच्या निदान ४८ तास आधी कळवायचं असतं.

---

ध्रुवतारा

मी बरीच वर्षं एका विमान कंपनीत फ्लाईट डिस्पॅचला होतो, म्हणजे उड्डाणाआधी मार्ग, वारा, इंधन ह्याचा हिशोब मांडून तो कॅप्टनकडे द्यायचा हे माझं काम. त्यामुळे तुमच्या बाबांचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, आकाशात काय आडवं येतं हाच आमच्या कामातला पहिला प्रश्न. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ७२०० किमी हा आकडा कुठून आला. पृथ्वी गोल आहे, कागद सपाट. गोलावरची दोन गावं जोडणारी सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते आणि नकाशावर पट्टीने मारलेली सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची असते. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर बाबांना म्हणावं मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो दोरा इराणच्या किनाऱ्याने जाणारच नाही. मुंबईतून निघून वायव्येला सौराष्ट्रावरून जाईल, मग बलुचिस्तान, इराणचा पूर्वेकडचा भाग, कॅस्पियन समुद्राची कड, काळ्या समुद्राचा उत्तर किनारा, क्रिमिया, ओडेसाची बाजू, मोल्दोवा आणि मग प्रागवरून लंडन. ह्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात आणि नेटवरचे ७२०० ते हे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टीने मारलेली रेघ किलोमीटरमधे मोजली तर ७४०० च्या आसपास येते, म्हणजे सरळ दिसणारी वाटच दोनशे किमीने लांब. (कुठे ३९०० दिसलं तर घाबरू नका, तेच अंतर नॉटिकल मैलात आहे, आम्ही सगळं त्यातच मोजतो, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी.)

आता आडवं काय येतं ते बघा. दोऱ्याच्या वाटेवरचे देश मी वर मुद्दाम लिहिले. भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश २४ एप्रिल २०२५ पासून बंद आहे, पहलगामच्या हल्ल्यानंतर झालं ते. ह्याआधी २०१९ मधे बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच बंद होतं. म्हणजे बलुचिस्तान गेलं. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच प्रवासी विमानांना बंद आहे, आणि त्या देशाच्या पूर्व भागावरून जाणं तर जुलै २०१४ मधे एमएच-१७ हे मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं तेव्हापासूनच थांबलंय. म्हणजे क्रिमिया, ओडेसाही गेलं. इराण आणि इराक, त्यांचं आकाशही जून २०२५ मधे लढाई सुरू झाली तेव्हा बंद झालं होतं. तर मग उरतं काय? मुंबईहून निघून अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकायचं, पाकिस्तानची हद्द उजवीकडे सोडायची, आणि आखाताच्या बाजूने वर चढून तुर्कस्तान गाठायचं, मग बाल्कन देश, ऑस्ट्रिया, जर्मनी. कुठल्या दिवशी नक्की कुठून ते त्या दिवशीचा वारा आणि कुठलं आकाश उघडं आहे त्यावर ठरतं. पण ढोबळमानाने बघा, ही वाट बरीचशी तुमच्या बाबांच्या पेन्सिलीच्या रेघेसारखीच आहे! जवळची वाट बंद आहे म्हणून विमान आज त्यांच्या रेघेच्या आसपासनं जातंय. त्यांना नक्की सांगा.

म्हणून भावाला ट्रॅकरवर साडेसात हजाराच्या वर दिसतं. ब्रिटिश कंपनीचं विमान त्याच दिवशी पाकिस्तानवरून जाऊ शकतं, त्यामुळे दोन कंपन्यांच्या वेळेत फरक दिसतो. ह्यात मुंबईकरांचं त्यातल्या त्यात बरं आहे, मुंबई समुद्रावर आहे, थोडं डावीकडे सरकलं की काम झालं. दिल्लीचे हाल जास्त. दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळ, ६७०० किमी, पण तिथून निघालेल्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग समुद्रावरून पश्चिमेला. जवळचं गाव लांब झालं. प्रत्येक वळशाचं इंधन, आणि शिवाय ज्या देशावरून जाल त्याला आकाश वापरल्याचे पैसे, हे सगळं शेवटी तिकिटात येतं.

आता तो एक तास. तो वाऱ्याचा आहे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात त्याच्या मध्यावर ताशी २०० किमी वेग सहज असतो, कधी त्याच्याही वर. आपल्याकडे थंडीत हा पट्टा उत्तर भारतावर खाली सरकलेला असतो. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परत येताना पाठीवर. नुसता हिशोब बघा, समजा वाट ७६०० किमी आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी. जाताना सरासरी ८० किमीचा वारा समोरून असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ८२० उरतो, ७६०० भागिले ८२० म्हणजे सव्वानऊ तास. येताना ६० किमीचा पाठीशी असला तर ९६०, म्हणजे आठ तासाला थोडा कमी. अंतर तेच आणि सव्वा तासाहून जास्त फरक पडला. कॅप्टनला हवा तो वारा मिळत नाही, पण आम्ही वाट थोडी उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकवून जोराचा पट्टा टाळायचा प्रयत्न करतो, म्हणून कधीकधी शंभर किमी जास्तीची वाट वेळेने कमी पडते. आमच्यासाठी कमी किलोमीटरची वाट चांगली असं नसतंच, कमी इंधनाची चांगली.

मग सव्वानऊ तासांचे १० तास कसे झाले? तिकिटावरची वेळ ही चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची नसते. गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून पलीकडे गेटवर लावेपर्यंतची असते, त्याला ब्लॉक टाईम म्हणतात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, निघायची रांग लागते. हीथ्रोला दोन समांतर आहेत पण गर्दी इतकी की उतरणारी विमानं चार ठरलेल्या जागी एकावर एक चकरा मारत थांबतात, बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन. तिथे दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. बाबांना खिडकीतून तेच शेत, तेच गाव परत परत दिसलं तर काही बिघडलंय असं वाटून घेऊ नये. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात कारण ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर धरलं जातं.

अजून एक गंमत बाबांसाठी. सीटसमोरच्या स्क्रीनवर उंची दाखवतात. जाताना म्हणजे पश्चिमेला ती साधारणपणे ३४०००, ३६०००, ३८००० फूट अशी सम हजारात दिसेल आणि येताना ३५०००, ३७०००, ३९००० अशी विषम. समोरासमोर येणाऱ्या विमानांमधे हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून तसा नियम आहे, काही देशांवर थोडा बदलतो पण बहुतेक वाटेवर हाच.

---

रानजाई

ध्रुवतारा, काय लिहिलंय तुम्ही! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या मुलाकडून पृथ्वीगोल आणला, दोरा ताणला, आणि खरंच तो सौराष्ट्रावरून वर गेला आणि काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाने निघाला. आता अ‍ॅटलासमधे जुन्या रेघेच्या वर लाल पेनने दुसरी वाकडी रेघ आलीय आणि जिथे आकाश बंद आहे तिथे फुल्या.

त्यांची एक शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान वर असताना लंडन आपोआप मुंबईच्या दिशेने सरकत यायला हवं, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा. उलटं कसं?

---

ध्रुवतारा

शंका अगदी रास्त आहे आणि पुष्कळ जणांना येते. धावत्या रेल्वेच्या डब्यात लाडू वर उडवला तर तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, आपल्याच हातात येतो, कारण डब्याबरोबर तोही धावतोय. तसंच इथे. मुंबईची जमीन पृथ्वीच्या फिरण्याने ताशी जवळजवळ १६०० किमी वेगाने पूर्वेला चाललीय, पण तिच्यावरची हवा आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने चाललंय. उडालं म्हणून तो वेग सुटत नाही. विमान हवेत पोहतं, त्यामुळे त्याला फक्त हवा जमिनीच्या मानाने कुठे सरकतेय तेवढंच लागतं.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध दुसऱ्या वाटेने आहेच. विषुववृत्ताजवळची गरम हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि फिरण्यामुळे ती पूर्वेला वळते, त्यातूनच हा जेट स्ट्रीम तयार होतो. थंडीत उत्तर आणि दक्षिण ह्यांच्या तापमानात फरक जास्त म्हणून वाऱ्याला जोर जास्त. पावसाळ्यात तो पट्टा हिमालयाच्या पलीकडे जातो आणि एकूण वेगही उतरतो. तेव्हा जानेवारीत जाताय म्हणजे समोरचा वारा भरपूर असणार, दहा तासातले दहाही लागू शकतात असं धरून चाला.

---

सह्यकडा

हे सगळं छान पण पुण्यातल्या माणसाने विमानाचे दहा तास बघून चालत नाही, दारापासून दारापर्यंत मोजावं लागतं. १:३० चं विमान म्हणजे १०:३० ला मुंबई विमानतळाच्या टी-टू (टर्मिनल २) वर. पुण्यातून सकाळी साडेपाचला निघा, सहाच्या पुढे अजिबात नको. अंतर दीडशे किमी आहे, रिकामा रस्ता असेल तर तीन तासात पोचाल पण खंडाळ्याच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की सगळं संपलं, आणि पुढे वाशी-चेंबूरला ऑफिसची गर्दी. म्हणजे बाबा पहाटे चारला उठणार. रात्री ११:३० ला आपल्या वेळेने उतरणार, इमिग्रेशन, सामान करून बाहेर यायला एक तास ते दीड तास, पुढे रेडिंग, म्हणजे गादीवर पाठ टेकायला आपल्याकडचे रात्रीचे दोन वाजणार. पहाटे चार ते रात्री दोन, बावीस तास. इन्सुलिनचा विचार ह्या बावीस तासांचा करा, विमानातल्या दहाचा नाही.

जमलं तर आदल्या रात्री अंधेरीला नातेवाईकांकडे मुक्काम करा असं मी म्हणेन. ह्या वयात ती एक झोप फार महत्त्वाची.

---

वैद्यमावशी

सह्यकडा बरोबर बोलतायत. रानजाई, मी एमडी मेडिसिन आहे, पण बाबांचा डोस त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, मी फक्त काय विचारायचं ते सांगते.

पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. बाबांचा तो दिवस चोवीस तासांचा न राहता साडेएकोणतीस तासांचा होणार. येताना उलट, दिवस आखूड होणार, आणि आखूड दिवसात नेहमीचे दोन डोस जवळजवळ आले तर शुगर खाली जायची भीती. म्हणून डॉक्टरांना जायचं आणि यायचं वेगवेगळं लिहून मागा, कुठलं इन्सुलिन आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. विमानात असेपर्यंत घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवा, म्हणजे डोसचा गोंधळ होत नाही. रात्रीचा डोस विमानातच येतोय, तर इंजेक्शन आधी घेऊन जेवणाची वाट बघत बसायचं नाही, ट्रे समोर आला की मग घ्यायचं. ढगात विमान हलायला लागलं की जेवण अर्धा-अर्धा तास थांबवतात, हे कोणी आधी सांगत नाही.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत चुकूनही नाही, खाली सामानाच्या जागेत गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, ग्लुकोमीटर, आणि साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या खिशात. आणि दोघांनीही तास-दीड तासाने उठून पॅसेजमधे चालायचं, पाणी पीत राहायचं, पायात गुठळी व्हायचा धोका लांबच्या प्रवासात सगळ्यांनाच असतो. आई मधल्या सीटवर असतील तर संकोचाने उठणार नाहीत, त्यांना कडेची सीट घेऊन द्या.

---

हॅरोकर

मावशींना अनुमोदन. खाण्यावरून आठवलं, बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, घरचं तूप बॅगेत नको. संक्रांतीनंतर येतायत तर तिळगुळाची वडी आणा, फक्त तुपाशिवाय केलेली.

---

गोदाकाठ

फार सुंदर धागा. ध्रुवतारांनी बंद आकाशाचं लिहिलं त्यावरून एक जोडतो, कारण ही गोष्ट ह्याच दोन शहरांच्या बाबतीत आधीही झालीय.

आमचे आजोबा पन्नाशीच्या दशकात शिकायला लंडनला गेले ते बॅलार्ड पिअरवरून बोटीने, एडन, सुएझ करत, अडीच-तीन आठवडे लागायचे. सुएझमार्गे मुंबई-लंडन समुद्रावरून साधारण साडेअकरा हजार किमी. १९५६ च्या शेवटी युद्धामुळे कालवा काही महिने बंद पडला, आणि पुढे १९६७ ते १९७५ तर सलग आठ वर्षं. तेव्हा बोटींना आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जावं लागायचं, अंतर एकोणीस-वीस हजारावर. लंडन होतं तिथेच होतं, मुंबईही, आणि तरी वाट पावणेदोन पट झाली. म्हणून दोन शहरांमधलं अंतर किती ह्याचं उत्तर त्या वेळी मधल्या लोकांचं आपसात काय चाललंय हे बघितल्याशिवाय देताच येत नाही असं मला वाटतं.

विमानाचंही तसंच. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण मुंबई-लंडनच होतं, ८ जून १९४८, लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं पंख्याचं विमान, नाव मलबार प्रिन्सेस, कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. जेआरडी टाटा स्वतः त्यात होते. मग १९६० मधे बोईंग ७०७ आली आणि पंख्याच्या विमानांचे दिवस संपले. आज आपण नऊ का दहा ह्यावर बोलतोय.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अंधेरीला मामेबहिणीकडे आदल्या दिवशी जायचं ठरवलं, आईची सीट बदलून कडेची घेतली, आणि उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मावशींनी सांगितलेले सगळे प्रश्न लिहून काढलेत.

शेवटचं एकच, भावाने रेडिंगहून कधी निघायचं? तो म्हणतो ६:०० ला विमान आहे तर साडेपाचलाच येऊन उभा राहतो. आणि त्या दिवशी विमान वेळेत आहे का नाही हे आम्हाला इथे बसून कसं कळणार?

---

ध्रुवतारा

साडेपाचला नको. विमान मुंबईहून उडालं की त्यानंतर ट्रॅकरवर उतरायची अंदाजे वेळ दिसायला लागते, ती वेळापत्रकातल्या वेळेपेक्षा जास्त भरवशाची, कारण तोवर त्या दिवसाचा मार्ग आणि वारा दोन्ही त्यात आलेले असतात. उडायला उशीर झाला म्हणजे पोचायला तेवढाच उशीर असं नाही, वेळापत्रकातली मोकळीक आणि वारा मिळून बरंचसं भरून निघतं. विमान तुर्कस्तान ओलांडून युरोपात शिरलं की अजून तीन-साडेतीन तास राहिले असं समजा, तेव्हा परत एकदा वेळ बघायची. आणि ट्रॅकरवर समुद्राच्या किंवा वाळवंटाच्या पट्ट्यात विमान मधेच दिसेनासं झालं तर आईंना फोन करून घाबरवू नका, तिथे जमिनीवरचे रिसीव्हर विरळ असतात, थोड्या वेळाने पुढे दिसतं.

हीथ्रोवर उतरल्यापासून व्हीलचेअरने इमिग्रेशन, सामान होऊन बाहेर यायला एक तास तरी जातोच. रेडिंगहून गाडीने पाऊण तास धरला तर विमान टेकायच्या वेळेला भावाने घरून निघावं, तरी तो त्यांच्या आधीच पोचेल. बाबांच्या फोनवर इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी चालू करून एकदा तपासून घ्या आणि भावाचा नंबर कागदावरही लिहून द्या.

---

हॅरोकर

आणि काही कारणाने भावाला गाडी आणता आली नाही तर हीथ्रो ते रेडिंग स्टेशन थेट कोच आहे, रेलएअर नावाची, सामान खाली ठेवतात. जानेवारीत सहाला इथे मिट्ट अंधार आणि थंडी असते, तेव्हा जाड कोट मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातच असू द्या.